गच्चीवरून गच्चीवर

खणभागात, मगदूम बाईंच्या दुमजली घरात
दुपारपासून खोकी फोडतोय.
मुलानं धाडलेत अकरा दिवे, चार सेन्सर
आणि एक हब, साबणाच्या वडीएवढा.
बाई एकोणऐंशीच्या. सव्वीस वर्षं
टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर.
शिडीच्या पायाशी खुर्ची ओढून बसल्यात.
"बसव तू. पण कोण कुणाशी कसं बोलतंय
ते कळल्याबिगर मी बटण दाबणार नाही."

मग सांगतो, स्क्रू फिरवता फिरवता.
हा वायफाय, काकी. आवाज मोठा, भूकही मोठी.
सिनेमे वाहून आणेल एका दमात,
पण दाराच्या सेन्सरात याला कोंबला
तर बघता बघता सेल फस्त.
"आमच्यात एक होती तशी," बाई म्हणतात,
"मिरजेचा कॉल लावतानाही
लंडन लागल्यागत ओरडायची."

हा ब्लूटूथ. आधी ओळखपाळख, मग गळ्यात गळा.
सोप्यापासून माजघरापर्यंत ठीक,
मधी लोखंडी कपाट आलं की बोलती बंद.
झेड-वेव्ह म्हणून एक खर्जातला आहे,
भिंतीतून पार होतो बिचारा,
पण त्याचं सामान आपल्या पेठेत मिळत नाही.

आणि हे तुमच्याकडं आलंय ते झिगबी.
हळू बोलतं. थोडकं बोलतं.
दार उघडलं. दार मिटलं.
एवढं सांगून सेन्सर झोपी जातो,
म्हणून सेल वर्ष-वर्ष पुरतो.
लांब ऐकू जात नाही त्याचं,
म्हणून शेजारच्या दिव्याच्या कानात सांगतो,
तो दिवा जिन्यातल्या दिव्याच्या,
असं करत करत हबापाशी.

बाईंनी चष्मा काढला.
"पुरात असंच."
एक्स्चेंज पाण्यात, टॉवर मुके,
तांबोळ्यांच्या सुनेला कळा सुरू झालेल्या,
आणि बोट चार गल्ल्या पल्याड.
गच्चीवरून गच्चीवर निरोप निघाला.
"नऊ गच्च्या. मी मोजल्या, सवयच ती.
मधी कुणीतरी घोळ केला,
बोटवाल्याला निरोप पोचला,
मुलगी झाली.
अजून व्हायची होती रे."
हसतात. "झाली मात्र मुलगीच."

मग एकदम ऑपरेटरच्या आवाजात,
"आणि हा तुझा हबच बुडाला तर?"
शिडीवर थांबलो.
थ्रेड म्हणून आहे एक, काकी.
त्यातला म्होरक्या पडला
तर उरलेले आपल्यातनंच दुसरा उभा करतात.
"मग तो का नाही धाडला?"
सेल लागला होता, दिवाळीचा.
हे मात्र मी सांगितलं नाही.

दिवेलागणीला सगळं जोडून झालं.
त्यांच्या समाधानासाठी जिन्यातला दिवा उपसला.
परसदार उघडलं, एक, दोन,
बाई बोटं मोडत होत्या,
चारावर निरोप न्हाणीघरावरनं फिरून आला.
"लागला!" म्हणाल्या,
आणि त्याच क्षणी लाईट गेली.

अकरा दिवे गप्प. हब गप्प.
परसदार वाऱ्यानं मिटलं.
सेन्सर जागा झाला असेल,
बोललाही असेल काही,
पण पुढं न्यायला वाटेत कुणीच जागं नव्हतं.

बाई भिंत चाचपत जिना चढल्या,
मागनं मी.
"तांबोळीऽ, हाय का लाईट?"
"न्हाई ओ!"
मग तांबोळ्यांनी पलीकडं विचारलं,
पलीकडच्यांनी त्याच्या पलीकडं,
मधी कुणाचं तरी कुत्रं भुंकलं,
आणि पाचव्या-सहाव्या गच्चीवरनं
उत्तर हातोहात परत आलं:
डीपी उडालाय. तासभर तरी.

"याला सेल किती लागले, लिहून घे,"
बाई अंधारात म्हणाल्या.
मी मोबाईलचा टॉर्च लावत होतो.
तेरा टक्के.